मारबतीची सूट

"ताई, काल तुम्ही काढून टाकलेला तो पोळ्याचा व्हिडिओ परत लागला बरं का," पराग कॉलवर म्हणाला. "आणि तुमच्या नावावर एक एरर पडली."

"एरर कशाची?"

"नियमात बसणारा व्हिडिओ काढून टाकला म्हणून."

"कोणत्या नियमात बसतो रे तो? एका बाईचं नाव घेऊन तिचा पुतळा जाळलाय त्यात!"

तो घुटमळला. पराग माझा टीम लीडर. नागपूरचा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, स्वभावानं गरीब. मला वाईट काही सांगायचं असलं की आधी दोनदा घसा साफ करायचा. तसा त्यानं केला आणि म्हणाला, "ताई, ती मारबतीची नोट आहे ना... ती तुम्हीच लिहिलेली आहे."

मी ती नोट उघडून पाहिली. शब्द माझेच होते.

आधी काम काय होतं ते सांगते. मी तेव्हा वर्ध्यात घरी बसून कंटेंट रिव्ह्यूचं काम करायची. तुम्ही मोबाईलवर काहीतरी टाकता. कोणीतरी त्याची तक्रार करतं, नाहीतर कंपनीच्या मशीनलाच संशय येतो. मग ते आमच्यापुढे येतं. आम्ही पाहायचं आणि बटण दाबायचं. ठेवा, किंवा काढा. अगदीच अडलं तर वर पाठवा. समोर जी रांग लागलेली असते तिला क्यू म्हणतात, आणि हा क्यू कधी संपत नाही. एका व्हिडिओला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. आमची कंपनी हैदराबादची, तिला काम देणारी मोठी कंपनी साता समुद्रापलीकडची. दोघींची नावं सांगणार नाही, तशी सही दिलेली आहे. मागच्या खोलीत लॅपटॉप, दार लावलेलं, स्वतःचा मोबाईल बाहेर सासूबाईंजवळ. घरात कोणाला काही सांगायचं नाही. "कॉम्प्युटरचं काम करते," एवढंच. सासूबाई बिचाऱ्या सगळ्यांना सांगायच्या, आमची सून बँकेत आहे.

आता मारबत. आमच्या विदर्भातल्या लोकांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून, आरडाओरडा करत, गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात. बऱ्याच गावांत बाईचा पुतळाही करतात, ती मारबत. तिला शिवेवर जाळतात. "ईडा पीडा, खासी खोकला, घेऊन जाय री मारबत!" असं ओरडत जायचं. पावसाळ्यातलं आजारपण, माश्या, डास, सगळं तिच्याबरोबर गावाबाहेर. मोठ्या शहरात याचा मोठा थाट असतो. तिथं महागाईला, भ्रष्टाचाराला, पुढाऱ्यांनाही मारबतीबरोबर घालवतात. लोक हसतात, शिव्या घालतात, पोट भरून घरी जातात. मला लहानपणापासून हा दिवस फार आवडायचा. देवळीला माहेरी आम्ही बहिणी ओट्यावर उभ्या राहून ओरडायचो.

मी नोकरीला लागले त्या वर्षी पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी क्यूमध्ये नुसता धूर. मशीननं सगळ्या मारबती पकडल्या होत्या. मशीनच्या हिशेबी काय, तर जमाव आहे, माणसासारखं काहीतरी जळतंय, लोक ओरडताहेत. म्हणजे हिंसा. म्हणजे धमकी. काढा. कोणाची खाती बंद झाली. एका म्हाताऱ्या मास्तरांनी चाळीस वर्षांचे मारबतीचे फोटो जमवून टाकले होते, त्यांचं सगळं गेलं. माझं डोकंच फिरलं. मी परागला म्हटलं, "यांच्या बापानं पाहिली होती का मारबत? तिकडे बसून आमचा सण बंद करणारे हे कोण?"

तो म्हणाला, "ताई, चिडू नका. पॉलिसीच्या केतकी मॅडमला बोलू आपण."

केतकी मॅडम मूळच्या पुण्याच्या, बंगळूरच्या ऑफिसात बसायच्या. नियम त्या लिहायच्या. बाई हुशार, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वंदनाताई, मग तुम्हीच एक नोट लिहा ना. तुम्ही तिथल्या आहात. तुम्ही लिहाल तशी सूट देऊ."

मी लिहिली. दोन रात्री... नाही, खोटं कशाला सांगू, एका दुपारी लिहिली, इतकी भरलेली होते मी. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पुतळ्याला एखाद्या माणसाचं नाव दिलं असेल तर?"

"मॅडम, नाव तर देणारच. नाव घेऊन ओरडलं नाही तर मारबत कशाची?"

तेव्हा माझ्या डोक्यात कोण होतं? मंत्री. आमदार. नळाला पाणी न सोडणारा नगरसेवक. ज्यांना जाळून काही होत नाही अशी माणसं. मी नोटमध्ये ओळ घातली की पुतळ्याला कोणाही व्यक्तीचं नाव असलं तरी ती धमकी समजू नये, तो प्रथेचा भाग आहे. मॅडमनी ती तशीच घेतली. मला मेलवर शाबासकी आली, सगळ्या टीमसमोर नाव घेतलं. पुढच्या वर्षी मारबती धडाधड सुटल्या. मी क्यूमध्ये बसून एकेका व्हिडिओला 'ठेवा' दाबत होते आणि मनात ओरडत होते. खरं सांगते, त्या नोकरीत मला अभिमान वाटलेली ती एकच गोष्ट.

मग गेल्या वर्षीचा पोळा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो व्हिडिओ समोर आला. पंचावन्न सेकंद. पुतळ्याला हिरवं लुगडं, गळ्यात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर 'इंदी'. वीस-पंचवीस माणसं. ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जाय री मारबत! इंदीले घेऊन जाय री मारबत!" मागे शाळेची निळी भिंत. त्या भिंतीवरचा फळांचा तक्ता मी स्वतः रंगवलेला. डी.एड. झाल्यावर त्या गावात मी दोन वर्षं कंत्राटी शिक्षिका होते. गावाचं नाव सांगत नाही, वर्ध्याहून एस.टी.नं तासाभराचं आहे. आणि इंदी म्हणजे इंदूबाई. शाळेत खिचडी शिजवायची. नवरा नाही, मूल नाही, जीभ मात्र तिखट. मुलांना दम देऊन देऊन जेवू घालायची. माझ्या डब्यात भाजी कमी दिसली की आपली चटणी पुढे सरकवायची.

व्हिडिओवर लिहिलं होतं, 'गावाची घाण गेली'. खाली कॉमेंट. एकानं लिहिलं होतं, 'आता खरीले बी पोचवा.'

आमच्या कामाची एक रीत इथं सांगायला हवी. व्हिडिओ पाहणारी टीम वेगळी, कॉमेंट पाहणारी टीम वेगळी. मला कॉमेंट दिसते, पण तिच्यावर बटण नाही. कॉमेंटवाल्याला फक्त ती ओळ दिसते, व्हिडिओ नाही. त्याच्यासमोर 'आता खरीले बी पोचवा' एवढंच जातं. तो काय समजणार? कोणीतरी कोणाला स्टँडवर पोचवतंय, असंच वाटणार. ठेवा. त्याचंही चुकलं नाही.

नियम होता की ओळखीच्या माणसाचं काही आलं तर हात लावायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचं. मी तो मोडला. 'काढा' दाबलं.

ज्याचा व्हिडिओ काढला त्याला अपील करता येतं. त्यानं केलं. अपील दुसऱ्या शहरातल्या कुठल्यातरी मुलाकडे गेलं. त्यानं माझी नोट उघडली, नियम पाहिला, परत लावला. त्यानं काम अगदी नीट केलं. मी लिहिलं होतं तेच त्यानं केलं.

परागला मी म्हटलं, "अरे, मला त्या गावात जाऊन आलं पाहिजे."

"ताई, तसं करू नका. नोकरी जाईल. सही केली आहे आपण."

"मी कुठं कंपनीचं नाव घेणार आहे? जुन्या शाळेत चालले, एवढंच."

"मग मला काहीच सांगितलं नाही असं समजा," तो म्हणाला.

माझी सुट्टी मंगळवारची. मी एस.टी.नं गेले. शाळेत मधली सुट्टी चालू होती. खिचडीचं पातेलं जवळजवळ तसंच भरलेलं होतं. मुलं पारावर बसून घरचे डबे खात होती. हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, बत्तीस मुलं. आज सहा जेवली. तीही बाहेरगावच्या मजुरांची. मी तरी किती समजावू?"

इंदूबाई चुलीशी बसली होती. मला पाहून उठली. "अवं वंदनाबाई! वाळल्या तुमी. बसा, खिचडी खाऊन घ्या. लय उरली हाये आज."

मी खाल्ली. ती समोर बसून पाहत होती. मग आपणहून सांगायला लागली. "तुमाले समजलं असनच. मंगेशचं लेकरू गेलं ना, तीन महिन्याचं. मी पाहाले गेली होती, मांडीवर घेतलं. मुतलं माह्या लुगड्यावर. आमी सबन हासलो. मंग पंधरा दिसानं ताप आला आन् गेलं. तवापासून मी चेटकीन झाली."

"कोण म्हणतं?"

"त्याची माय म्हनते. मंगेश वाईट नाई वं. पन लेकरू गेलं की मानसाले कोनीतरी पाह्यजेच असते." तिनं पदरानं पातेल्याची कड पुसली. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं. "मी घरात बसून होती त्या दिवशी. बाहेर मले जाळून राह्यले होते. माह्याच दारावरून नेलं. मी आतून कडी लावून आयकत होती, बाई."

मला रडू आलं. तिला आलं नाही.

तिची भाची पल्लवी तिथंच होती. वर्ध्याला कॉलेजात शिकते, मावशीसाठी आलेली. तिनं मला तिचा मोबाईल दाखवला. तिनं व्हिडिओची तक्रार केली होती आणि कंपनीचं उत्तर आलं होतं, आम्ही तपासून पाहिलं, नियमांविरुद्ध काही आढळलं नाही. त्याखाली दुसरा फोटो. तो मंगेशनं गावाच्या ग्रुपवर टाकला होता. व्हिडिओ त्याचाच, म्हणून त्यालाही कंपनीचा निरोप आला होता. 'तुमची पोस्ट आमच्याकडून चुकून काढली गेली. ती परत लावली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' वर मंगेशनं लिहिलं होतं, 'पाहा, कंपनीनं माफी मांगली.'

"मॅडम, कोणी एकदा काढला नसता ना, तर बरं झालं असतं," पल्लवी म्हणाली. "नुसता पडून राहिला असता. आता ते ग्रामपंचायतीत दाखवून राहिले हे. म्हणे, तिकडच्या साहेबांनी तपासलं, खरं निघालं."

तिला काय माहीत, तिकडची साहेब तिच्यासमोर खिचडी खात बसली होती.

इंदूबाईनं विचारलं, "हे मोबाईलमंदी ठेवाचं का नाई ठेवाचं, कोन ठरवते वं?"

"कंपनी."

"कंपनी म्हंजे? मानूसच असन ना कोनी? लेकरंबाळं असतीन त्याले. त्याले जाऊन सांगता येते का, का बापा, मी काई केलं नाई म्हनून?"

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी संपेपर्यंत खाली ठेवला नाही. मग म्हटलं, "मी पाहते काय करता येतं ते. काढून टाकतील." त्या क्षणी सांगायला हवं होतं. मला लाज वाटली, आणि नोकरीची भीतीही वाटली. दोन्ही सारख्याच वाटल्या.

तिला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. हवालदार भला माणूस होता. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "कायदा आहे बाई, जादूटोण्याचा. लागू होते. नाव सांगा, आत्ता लिहितो."

इंदूबाई म्हणाली, "नाव नाई सांगत."

"अवं, सगळ्या गावाले माहीत हाये!"

"असू दे. त्याचं लेकरू मेलं, आन् आता त्याले आत टाकू? मंग मी त्या गावात कुठी राहू? मले फक्त ते मोबाईलमधलं काढाचं हाये."

त्यानं पेन खाली ठेवलं. "ते माह्या हातात नाही. वरून सायबर शाखेतून कंपनीले पत्र जाते, तक्रार नोंदली असली तर. अन् मावशी, कंपनीनं स्वतः तपासून ठेवला म्हनते तो. मी काय लिहू, कंपनीले समजत नाही म्हणून?" तरी त्यानं साधा अर्ज घेतला, शिक्का मारून दिला. तो शिक्का पाहून इंदूबाईला उगाच जरा बरं वाटलं.

बुधवारी मी केतकी मॅडमला कॉल लावला. आधी थंड डोक्यानं बोलायचं ठरवलं होतं.

"मॅडम, माझ्या नोटमध्ये चूक आहे. एक ओळ घाला. खाजगी माणसाचं नाव असेल तर सूट नाही."

"खाजगी म्हणजे कोण? सरपंच?"

"नाही, तो लोकांनी निवडलेला."

"शाळेतली सरकारी मानधन घेणारी स्वयंपाकीण?"

"ती खाजगी!"

"का बरं? उद्या एखाद्या गावात मुलांच्या जेवणात अळ्या निघाल्या, पालकांनी तिच्या नावाची मारबत काढली, तर तो निषेध की छळ? आणि हे दुसऱ्या राज्यातल्या मुलानं मिनिटभरात कसं ओळखायचं?"

मी म्हटलं, "मग त्या गावातल्या माणसांना विचारा."

"वंदनाताई, गावातल्या माणसांनीच तर टाकलाय तो. एकट्या मुलीची तक्रार आहे. बाकी सगळ्यांना आवडलाय."

"म्हणजे जास्त लोक म्हणतील ते खरं?"

"मी असं म्हटलं नाही. म्हणून तर आम्ही लोकल एक्स्पर्टना विचारतो." मॅडमचा आवाज तोच, पण थकलेला. "आम्ही विचारलं होतं. तुम्ही सांगितलं तसा नियम केला. अजून काय करायला हवं होतं, सांगा मला. मी खरंच विचारतेय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राग कोणावर काढायचा? मशीनवर काढला होता तेव्हा सोपं होतं. मी म्हटलं, "मॅडम, त्या बाईला लोक मारतील एखाद्या दिवशी."

"पोलिसांचं पत्र आलं तर एका दिवसात काढू. तोपर्यंत मी चेंज रिक्वेस्ट टाकते." चेंज रिक्वेस्ट म्हणजे नियम बदलण्याचा अर्ज. तो वर जातो, तिथं वकील पाहतात, मग आणखी कोणी पाहतं. किती दिवस, ते कोणी सांगत नाही. पोलिसांचं पत्र येणार नव्हतं, कारण इंदूबाई नाव सांगणार नव्हती.

पंधरा दिवस गेले. मधल्या काळात शाळेची पालकसभा झाली. पल्लवीनं फोनवर सांगितलं. मंगेशच्या आईनं सभेत मोबाईल उंच धरून दाखवला. हेडमास्तर एकटेच इंदूबाईच्या बाजूनं बोलले. मुलं जेवत नाहीत हे तर त्यांनाही नाकारता येईना. खिचडीचं काम दुसरीला दिलं. मावशी घरी येऊन झोपली, जेवली नाही, असं पल्लवी म्हणाली. मी परागला सांगितलं. तो बिचारा काय करणार? "ताई, मी रोज फॉलोअप घेऊन राह्यलो," म्हणाला, आणि तो खरंच घेत होता.

आणखी आठवड्यानं मेल आला. मारबतीची सूट रद्द. नुसती एक ओळ बदलली नव्हती, सगळी नोटच काढून टाकली होती. वरच्या लोकांनी ठरवलं होतं की एवढा बारीक फरक रिव्ह्यूअरला करता येणार नाही, त्यापेक्षा पुतळा जळताना दिसला की काढा. मशीननं एका संध्याकाळी सगळं झाडून नेलं. शहरातलं, खेड्यातलं, त्या वर्षीचं, मागचं. मास्तरांचे परत मिळालेले फोटोही गेले.

आणि त्यात इंदूबाईचा व्हिडिओही गेला. मी तपासला. नव्हता. मला इतका आनंद झाला की काय सांगू! बाकी सगळं गेलं त्याचं त्या वेळी काही वाटलं नाही. मी पल्लवीला फोन केला. "गेला गं तो! सांग मावशीला, गेला!"

तिनं सांगितलं. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. आवाज उतरलेला होता.

"मॅडम, गावात सगळ्यांचेच व्हिडिओ गेले ना. वर्षानुवर्षांचे. एकाच्या वारलेल्या वडिलांचा होता मारबत खांद्यावर घेतलेला, तोही गेला. लोकांनी लावला ना हिशेब."

"कसला हिशेब?"

"की मावशीला जाळल्याचा व्हिडिओ टाकला आणि साऱ्या गावाची मारबतच नाहीशी झाली. म्हणे, तिनं एवढ्या मोठ्या कंपनीलेही करणी केली."

मी खाटेवर बसले. सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, बँकेचं आहे काहीतरी.

पल्लवी म्हणाली, "मावशीला बोलायचं आहे तुमच्याशी."

इंदूबाईला फोनवर बोलायची सवय नव्हती, ती ओरडून बोलायची. त्या दिवशी हळू बोलली. "वंदनाबाई, तुमी म्हनलं होतं काढून टाकतीन. काढलं. उपकार झाले बापा. पन आता एक करता का? ते परत लावून देता येते का?"

"परत? अहो काय बोलता, इंदूबाई?"

"लावून होतं तवा लोक हासत होते निस्ते. थुंकत होते, बोलत होते. सहन होत होतं मले. काढलं तवापासून भेऊन राह्यले. मी रस्त्यानं चालली की लेकरं उचलून घरात नेते. विहिरीवर मी गेली की बाया बादल्या ठेवून पळते. परवा राती घरावर गोटे आले. भेलेला मानूस काई बी करते, बाई. हासणारा काई करत नाई. लावून द्या ना. मी काई म्हननार नाई."

मी म्हटलं, विचारते. परागला विचारलं. तो पार वैतागला. "ताई, आता परत लावायचं? एक तर नोट रद्द झाली. आणि समजा लागणारच असेल, तरी परत लावायचा अर्ज फक्त ज्यानं टाकला त्यालाच करता येतो. दुसऱ्याला नाही."

"ज्याच्यावर टाकला त्याला?"

"त्याला फक्त काढा म्हणायचा हक्क आहे."

मी ते पल्लवीला सांगायला नको होतं. नेमकी तेव्हाच मी खरं काय ते सांगायला गेले. पल्लवीनं मावशीला सांगितलं आणि इंदूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेशच्या दारात गेली. हात जोडून म्हणाली, बापा, तो व्हिडिओ परत टाक, तुले टाकता येते म्हनते.

पल्लवी सोबत होती, तिनं सांगितलं. मंगेशच्या आईनं मीठ-मिरची ओवाळून तिच्या अंगावर फेकली. मंगेश मागे उभा होता. जन्मभर तो तिला 'ए इंदी' म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "मावशी, चूक झाली. आमच्या घरावर नजर नका ठेवू. जा तुमी." आणि दार लावलं.

ती महिनाभरात हिंगणघाटला बहिणीकडे गेली. तिथं एका जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडते. घर तसंच आहे, छपराची अर्धी कवेलू फुटलेली, कोणी त्याच्या सावलीतसुद्धा बसत नाही. मी एकदा भेटायला गेले आणि त्या नोटचं सगळं सांगून टाकलं. तिला नोट, पॉलिसी, सूट काही कळलं नाही. एवढंच कळलं की बटण माझ्या हाताखाली होतं. म्हणाली, "तुमी त्या दिवशी खिचडी खाल्ली माह्या हातची, आन् बोल्ल्या नाई?" चहा दिला तिनं. पण परत येजो म्हणाली नाही.

नोकरी मी सोडली. पराग अजून तिथंच आहे. मारबतीचे व्हिडिओ आता दिसले की काढतात. गावात यंदा मारबत निघाली, व्हिडिओ कोणी केला नाही, पुठ्ठ्यावर कोणाचं नाव होतं ते त्यामुळे मला माहीत नाही.

हल्ली कार्यक्रमांत मला बोलावतात, पूर्वी हे काम केलेली बाई म्हणून. मोबाईलवर काय राहावं, काय काढावं, हे कोणी ठरवावं, असा विषय असतो. सरकारनं, कंपनीनं, की लोकांनी? कोणीतरी शेवटी हमखास उठून म्हणतं, जिथली गोष्ट असेल तिथल्या जाणकार माणसाला विचारावं. टाळ्या पडतात. मी तेवढं सांगते की विचारून झालं आहे.